नाताळच्या सुट्टीत घरी येणारा नवा माणूस



मी मुंबईतल्या लोअर परळहून आलेय. डिलाईल रोडच्या एका चाळीत राहते आणि पोळीभाजीचं छोटं केंद्र चालवते. रस्त्याचं कागदावरचं नाव ना. म. जोशी मार्ग, पण आमच्या तोंडात अजून डिलाईल रोडच बसलंय. तुमच्यापैकी कितीजणींचा भाऊ, दीर, नाहीतर मुलगा मुंबईत असेल, त्यांना हा भाग ठाऊक असणार.

आज मला थंडीतल्या सुट्टीबद्दल बोलायचंय. डिसेंबर संपत आला की शाळांना नाताळची सुट्टी पडते. परळच्या डेपोतून एसट्या भरून निघतात, दादरहून कोकणातल्या गाड्या भरतात. ही सुट्टी मोठी नसते, पण सोयीची असते. दिवाळीसारखा फराळाचा घोर नाही, गणपतीसारखी धावपळ नाही. भात झोडून घरात आलेलं असतं. देशावर हुरडा सुरू होतो, आमच्या कोकणात अंगणात शेकोटी पेटते. माणसांना एकमेकांशी बोलायला वेळ असतो.

पण काही घरांत याच सुट्टीत एक प्रश्न उभा राहतो. ज्या बाईनं दुसरं लग्न केलंय, ती नव्या नवऱ्याला घेऊन कुठं जाणार? माहेरी? पहिल्या सासरी? लेकराची आजी तिथं वाट बघत असते, तिचं काय? आणि गाव काय म्हणेल?

मला आज एकच गोष्ट सांगायचीय. घरात नव्या माणसाला जागा द्यायची तर जुन्या माणसाला पुसून टाकावं लागत नाही. आणि ही जागा करायचं काम एकट्या त्या बाईचं नाही. घरानं, शेजाऱ्यांनी, गटातल्या बायांनी त्यातलं थोडं थोडं उचलायचं असतं.

आधी आमच्या चाळीचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बीडीडी चाळीतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची. गिरण्या चालू होत्या तेव्हा एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहिलीत. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली असायची, तिला गावकीची खोली म्हणतात. भाडं वाटून घ्यायचं, पाळीपाळीनं झोपायचं. एक कामावर गेला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. त्यांच्या जेवणाच्या खानावळी बाया चालवायच्या. त्यांत विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये याच खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढं 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, कितीतरी पुरुष गावी परतले. तेव्हाही बायांनी पोळ्या लाटून, डबे देऊन, शिवणकाम करून घरं ओढली.

म्हणजे आमच्याकडे एकटी बाई राबते याचं कौतुक आहे. पण तीच बाई म्हणाली, मला पुन्हा लग्न करायचंय, की बोलणाऱ्यांचा आवाज खाली येतो. गावकीच्या खोलीत झालेलं बोलणं पूर्वी पत्रानं गावाला पोचायचं. आता फोनवर पाच मिनिटांत पोचतं.

मी दुसरं लग्न केलंय, म्हणून थोडं माझं सांगते. माझ्या लेकीचे वडील आजारानं गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी पुन्हा लग्न केलं, नोंदणी कार्यालयात. माझे यजमान लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी उंच इमारती झाल्यात, त्यामुळं त्यांना कामाला तोटा नाही. त्यांचा घटस्फोट झालेला होता, मूल नव्हतं.

डिसेंबर आला तशी लेक म्हणाली, "आई, सुट्टीत आजीकडे जायचं ना?" आजी म्हणजे माझ्या पहिल्या यजमानांची आई. दापोली तालुक्यात त्यांचं घर आहे. दर सुट्टीत आम्ही मायलेकी जात होतो. आता तिघं झालो होतो.

मी सासूबाईंना फोन केला. मैत्रिणींनो, ही पहिली गोष्ट. न सांगता दारात जाऊन उभं राहू नका. अचानक गेलात तर घरातलं माणूस चारचौघांदेखत काहीतरी बोलून जातं आणि मग तो शब्द मागं घेता येत नाही. मी म्हणाले, "आई, आम्ही तिघं यायचं म्हणतोय. दोन रात्री राहू. तुम्हाला जड जाणार असेल तर मी आणि पोर येऊ, ते दापोलीत त्यांच्या मित्राकडे थांबतील." त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "थंडी आहे. पांघरुणं घेऊन या."

ते त्यांचं आमंत्रण होतं. त्याहून जास्त त्या वेळी त्यांना बोलता येत नव्हतं.

दोन रात्रीच का, तर पहिल्या वेळी थोडंच राहावं. दोन दिवस सगळ्यांना नीट वागता येतं. आठवडा झाला की यजमान आणि पाहुणे दोघंही थकतात. एसटीत माझं अर्धं तिकीट, लेकीचं अर्धं आणि त्यांचं पूर्ण. कंडक्टर काढून देत होते तेव्हा लेक हसून म्हणाली, "काका, तुम्हीच महाग पडलात!"

ती त्यांना काका म्हणते. बाबा म्हण, असं मी तिला कधी सांगितलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. लेकरानं कुणाला काय म्हणायचं ते लेकराला ठरवू द्यावं. तिचे बाबा होते, तिला आठवतात. तो शब्द तिनं कुणाला द्यायचा की नाही हे तिच्या हातात आहे. कुणी काका म्हणेल, कुणी नावापुढं दादा लावेल, कुणी चार वर्षांनी आपणहून बाबा म्हणेल. घाई आपल्याला असते, पोरांना नसते.

घरी पोचलो. ओटीवर माझ्या पहिल्या यजमानांचा फोटो आहे, हार घातलेला. सासूबाईंनी तो काढून ठेवला नव्हता, आणि काढायचं काही कारणही नव्हतं. हे आत आले, चपला काढल्या, फोटोला हात जोडले आणि मग सासूबाईंना नमस्कार केला. कुणी शिकवलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बसा पाव्हणं." आणि त्या चुलीकडे गेल्या.

माझे दीर मात्र जेवायला आले नाहीत. त्यांचं घर शेजारीच. दोन दिवस त्यांनी तोंड फिरवलं. त्याचं कारण पुढं सांगते.

रात्री पोर झोपली, हे बाहेर शेकोटीजवळ बसले होते. सासूबाईंनी मला विचारलं, "पोर आता त्यांचं नाव लावणार?"

मी म्हणाले, "शाळेत जे आहे तेच राहील. मोठी झाली की तिचं ती ठरवेल."

त्या म्हणाल्या, "आणि मी गेले की माझ्यासाठी कोण येणार? तू तर आता दुसऱ्या घरची झालीस."

मी म्हणाले, "आई, मी येणार. कुणी अडवलं तरी येणार."

त्यांना नवा माणूस आवडला की नाही, हा प्रश्नच नव्हता. मुलगा गेला, आता सून गेली, तिच्याबरोबर नातही जाईल, ही त्यांना भीती होती. आपण दुसरं लग्न करणाऱ्या बाईचं दुःख बघतो, तिच्या पहिल्या सासूचं बघत नाही. तिच्या घरातलं शेवटचं माणूस उठून जातंय असं तिला वाटतं. तिला खात्री हवी असते की नातं चालू राहणार आहे. ती खात्री बोलून द्यावी लागते, आणि मग दर सुट्टीत जाऊन पाळावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "विहिरीवरचा पंप आठ दिवस बंद आहे. त्यांना बघता येईल का विचार." हे दुपारपर्यंत विहिरीवरच होते. पंप सुरू झाला. त्या दिवशी जेवताना त्यांनी यांच्या ताटात आग्रहानं आणखी एक तांदळाची भाकरी वाढली. मैत्रिणींनो, नव्या माणसाला पाहुण्यासारखं बसवून ठेवू नका आणि त्याची परीक्षाही घेऊ नका. त्याला घरचं काम सांगा. शेंगा सोलायला द्या, पाणी आणायला सांगा. हाताला काम मिळालं की त्याची जीभही मोकळी होते आणि घराचीही.

संध्याकाळी आम्ही पोरीला मुरूडच्या किनाऱ्यावर नेलं. दापोलीजवळचं हे मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. तिथं मला जुनी गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगायलाच हवी.

कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारली. त्या काळात विधुर माणूस सरळ एखाद्या कोवळ्या मुलीशी लग्न करायचा. कर्व्यांनी ठरवलं की आपण विधवेशीच लग्न करू. गोदूबाई नावाची त्यांच्या मित्राची बहीण होती. लहानपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. 11 मार्च 1893 रोजी त्यांचं लग्न पुण्यात झालं. गोदूबाईंची आनंदीबाई झाली, पुढं सगळे त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला आणि भावालाही लागली. म्हणजे बघा, मुलगा नवी बायको घेऊन आपल्या गावी येणार, तर त्याच्या आईनं आनंद करायचा की गावाला घाबरायचं, हे ठरवता येऊ नये! पुढं 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. ज्याला वाळीत टाकलं, त्याचंच नाव आज गाव अभिमानानं घेतं.

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, हे बामणांच्या घरातलं झालं, आमच्यात दुसरं लग्न आधीपासून होतंच. खरं आहे. आपल्या कितीतरी समाजांत पाट लावायची रीत होती, कुठं त्याला म्होतूर म्हणायचे. पण तो पाट कसा लागायचा? रात्रीच्या अंधारात, वाजंत्री नाही, सवाष्णी जवळ नाहीत. बाईला नवं घर मिळायचं, पण मान मात्र पहिल्या लग्नाचा नाही. 1856 मध्ये इंग्रजांच्या काळात विधवेच्या लग्नाला कायद्यानं परवानगी मिळाली. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जाईल. लग्न कर, पण रिकाम्या हातानं जा, असा तो हिशेब होता.

तो हिशेब आता बदललाय, आणि हेच आपल्याला ठाऊक नसतं. माझ्या दिरांनी तोंड का फिरवलं ते आता सांगते. त्यांचा राग माझ्या नव्या नवऱ्यावर नव्हता, सातबाऱ्यावर होता. मी दुसरं लग्न केलं म्हणजे माझं नाव कमी होणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तसं होत नाही.

नीट ऐका. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. नवरा वारला त्या दिवशी तो वाटा बायकोचा झाला. त्यानंतर तिनं लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. लेकराचा वडिलांच्या मिळकतीतला हक्क तर आईच्या लग्नामुळं अजिबात जात नाही. जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर गोष्ट वेगळी असू शकते, तिथं वकिलाला कागद दाखवून विचारा. पण नवऱ्याच्या नावावर असेल तर तलाठ्याकडे वारसनोंद करून घ्या आणि लग्नाआधी फेरफाराची नक्कल हातात ठेवा. भांडायला ठेवा असं नाही. कागद स्पष्ट असला की भांडण व्हायचं राहतं.

दुसरं, नव्या नवऱ्याच्या मिळकतीत तुमच्या पहिल्या लेकराला आपोआप वाटा मिळत नाही. त्यांना द्यायचा असेल तर मृत्युपत्र करावं लागतं. त्याला स्टँपपेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांनी सही करायला हवी. हा विषय लग्नाआधी काढा. माणूस चांगला असेल तर त्याला राग येणार नाही.

तिसरं, आडनावाचं. वडील वारले असतील तर मुलाचं आडनाव काय ठेवायचं हे ठरवायचा अधिकार आईला आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टानं जुलै 2022 मध्ये दिला. म्हणजे जुनं ठेवा, नवं लावा, कुणी जबरदस्ती करू शकत नाही. मी जुनं ठेवलं.

चौथं, आणि हे तरण्या मुलींनी लक्षात ठेवायचं. नवा जोडीदार म्हणतो की माझा काडीमोड झालाय, तर कोर्टाचा हुकूमनामा बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहिलेल्या फारकतीवर भरवसा ठेवू नका. पहिलं लग्न कायद्यानं मोडलेलं नसेल तर तुमचं लग्न लग्नच ठरत नाही, आणि सुट्टीत मिरवलेला नवरा उद्या कोर्टात तुमचा कुणीच लागत नाही. लग्नाची नोंदणी करा. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. विधवेनं नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला बरोबर न्यायचा.

आणि पाचवं. गावानं, भावकीनं किंवा जातपंचायतीनं दुसऱ्या लग्नावरून वाळीत टाकलं, देवळात येऊ दिलं नाही, कुणाला बोलू दिलं नाही, तर महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 चा, तो जुलै 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्व्यांच्या आईला हा आधार नव्हता. आपल्याला आहे. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. त्यांचा फोन नंबर 15100. अडचणीत असलेल्या बाईसाठी 181.

हे सगळं ऐकून घाबरू नका. मी दिरांना कायदा ऐकवायला गेले नाही. निघायच्या दिवशी त्यांच्या अंगणात गेले आणि म्हणाले, "भाऊजी, माझं नाव आहे तिथं राहू दे. कसणार तुम्हीच आहात. पोरीचं शिक्षण झालं की तिला विचारून पुढचं ठरवू." ते काही बोलले नाहीत. पण एसटीपर्यंत तांदळाची गोणी त्यांनी उचलून दिली. सगळं एका सुट्टीत होत नाही.

आता मित्रमंडळींचं. एकतीस डिसेंबरला आम्ही लोअर परळला परत होतो. रस्त्यापलीकडच्या मॉलवर आणि हॉटेलांवर रोषणाई असते, एका जेवणाचं बिल आमच्या महिन्याच्या किराण्याएवढं. आमच्या चाळीत आम्ही पोरंटोरं आणि बाया मिळून गॅलरीत पावभाजी करतो. माझ्या पहिल्या यजमानांचे गणपती मंडळातले मित्र अजून त्याच चाळीत राहतात. ते आमच्याकडे यायचे बंद झाले होते. यांच्याशी बोललो तर जुन्या मित्राशी बेइमानी होईल असं त्यांना वाटत असावं. मी त्यांच्या बायकांना सांगितलं, "पावभाजी आमच्या दारात करू." मग पुरुषांना यावंच लागलं. एकानं यांना विचारलं, "कॅरम खेळता का?" तिथून सुरुवात झाली. रात्री तेच मित्र पोरीला तिच्या बाबांच्या गमती सांगत बसले, आणि हे ऐकत बसले. बाबांची आठवण नव्या नवऱ्यासमोर काढायची नाही, असा नियम करू नका. आठवण दडवली की लेकराला वाटतं आपले बाबा चुकीचे होते.

थर्टी फर्स्टला दारूचा विषय निघतोच. तिथं मात्र ठाम राहा. नव्या माणसाची ओळख बाटलीवर करायची नाही, हे पहिल्याच वर्षी सांगून टाका.

आणि लेकरांबद्दल एक अवघड गोष्ट बोलते. घरात नवा पुरुष आला की मुलीला, मुलालाही, "त्यांच्या जवळ जा, पाया पड, मांडीवर बस" अशी सक्ती करू नका. माणूस कितीही चांगला असला तरी. सुट्टीत घरं भरलेली असतात, झोपायला जागा कमी असते. पोरं आईजवळ किंवा आजीजवळ झोपू द्या. लेकराला सांगून ठेवा, कुणाचंही काही आवडलं नाही तर मला सांग, मी तुझं ऐकेन. 1098 हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घ्या. चांगल्या माणसाला याचा अपमान वाटत नाही. उलट त्याला बरं वाटतं की या घरात लेकराची काळजी घेतली जाते.

सुट्टी संपते तेव्हा 3 जानेवारी येते, सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस. गटात आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी आणि जोतिबांनी 1863 मध्ये पुण्यात फसलेल्या विधवांसाठी घर उघडलं. तिथं जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं, शिकवून डॉक्टर केलं. रक्ताचं नसलेलं लेकरू आपलं कसं म्हणायचं, हे त्यांच्याकडून शिकावं.

आणि मग येते संक्रांत. थंडीतली खरी परीक्षा तिथं असते. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं? विधवेला बोलवत नाहीत. दुसरं लग्न केलेलीला बोलावलं तरी दोन बाया एकमेकींकडे बघतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 रोजी ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव एका गावानं केला, पण त्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली.

आपल्या गटाला ग्रामसभेची वाट बघायची गरज नाही. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवता येतील. पहिली, गटाच्या हळदीकुंकवाला प्रत्येक सभासद येईल, नवरा आहे की नाही, पहिला की दुसरा, हे न विचारता. तिळगूळ सगळ्यांना सारखा, वाण सगळ्यांना सारखं. दुसरी, गटातली एखादी नव्या जोडीदारासोबत सुट्टीला गावी येणार असेल, तर दोघी-तिघींनी आपणहून तिच्या दारात चहाला जायचं. पहिल्याच दिवशी चारजणी येऊन गेल्या की बोलणाऱ्यांची तोंडं अर्धी बंद होतात. तिसरी, तिच्या पहिल्या सासूकडेही जायचं. तिला म्हणायचं, मावशी, सून तुमचीच आहे, नातही तुमचीच आहे.

याला पैसा लागत नाही. चहाचं पाणी लागतं आणि पाच मिनिटं लागतात.

यंदा सासूबाईंचा दिवाळीतच फोन आला होता. म्हणाल्या, "नाताळात येताय ना? पाव्हण्यांना सांग, यंदा पंप चांगला चालतोय, नुसतं जेवायला यायचं."

तुमच्याकडंही या थंडीत कुणाच्या घरी नवा माणूस येणार असेल. त्याला बसायला पाट द्या, हाताला काम द्या, आणि त्याच्या बायकोला आधी पोटाशी धरा.